विमानाने बारा तास, आगबोटीने पाच दिवस

एडन ते मुंबई हे अंतर सरळ रेघेत एकोणीसशे मैल. विमान तेव्हा कराचीला थांबून येई, त्या वाटेने बावीसशेच्या आसपास. वेळ, थांबा धरून, बारा तास. आगबोटीला पाच दिवस. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत आणि आठवले की शिसारी येते. आकड्यांचा काही दोष नाही. आमच्या घराने त्यांना ज्या कामाला जुंपलं त्या कामाची शिसारी येते, आणि ते काम करून देणारी मी होते.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. ओळीने चार खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे कोपरच्या खाडीकडे उतरत गेलेली भातखाचरं. घरात तीन भावांचा संसार एकत्र होता. थोरले काका ठाण्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरातही हेडक्लार्कच होते. मधले माझे बाबा. शेवटचा जो बोलेल त्याच्या बोलण्याला ते मान डोलवत. धाकटे काका एडनला एका इंग्रज कंपनीच्या बंदरातल्या गोदामावर होते. तिथे बायकोला ठेवायला जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांची बायको, आमची काकू, चार वर्षं आमच्यातच राहिली होती. तिला मूल नव्हतं. वय तिशीच्या आतबाहेर. मी बावीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि काकू मला चिडवायला ‘मास्तरीणबाई’ म्हणायची. त्या घरात मनातलं बोलावं असं माणूस मला तेवढं एकच होतं.

त्या वैशाखात थोरल्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ठाण्याचं स्थळ, मुलगा नोकरीतला. लग्न रविवारी, आमच्याच अंगणात. महिनाभर आधी धाकट्या काकांचं निळं हवाईपत्र आलं की पुतणीच्या लग्नाला आपण येणार आणि या वेळी विमानाने येणार. झालं. थोरल्या काकांच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. स्टेशनवर, वाण्याकडे, देवळाच्या पायरीवर, ज्याला त्याला गाठून ते सांगत, ‘‘आमचा धाकटा विमानाने येतोय. रात्री एडनला जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सांताक्रूझला उतरायचं. काय समजलात? जग जवळ आलंय हो!’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते ‘काय समजलात’ म्हणायच्या आत मला घरातून पळून जावंसं वाटे. मुलाकडच्यांनाही त्यांनी ते दोनदा ऐकवलं. विमानातून उतरणारा काका हा त्यांच्या लेखी मांडवातल्या झुंबरासारखा होता.

काकू मात्र कुणाला काही सांगत नसे. ती संध्याकाळी माझ्याजवळ यायची, माझा शाळेचा नकाशा उघडायला लावायची आणि विचारायची, ‘‘कराचीला किती वेळ थांबतं गं? तिथे उतरू देतात का? पाणीबिणी मिळतं ना?’’ मी मोठ्या ऐटीत सांगायचे. विमान मीही जवळून पाहिलेलं नव्हतं. पण मला मैल माहीत होते, आणि ज्याला मैल माहीत असतात त्याला सगळंच माहीत आहे असा माझा त्या वयात समज होता.

लग्नाच्या आधीच्या मंगळवारी दुपारी तार आली. काकू शेजारच्या ओटीवर बायकांबरोबर तांदूळ निवडत होती. थोरले काका घरी रजेवर होते. त्यांनी तार घेतली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मागच्या कोठीच्या खोलीत गेले. तिथे त्यांनी थोरल्या काकूंना, आईबाबांना बोलावलं. मांडवाची जागा बघायला भटजी आलेलेच होते, त्यांनाही आत घेतलं. मग मला हाक आली.

‘‘अगं, तुझा तो नकाशा घेऊन ये. आणि पट्टी.’’

मला वाटलं, धाकट्या काकांच्या येण्याचं काही ठरतंय. मी उड्या मारत गेले. आत सगळे पोत्यांच्या मधे दाटीवाटीने बसलेले. आईने पदर तोंडात कोंबलेला. थोरले काका म्हणाले, ‘‘धाकटा काल गेला. ताप झाला होता. रडायचं नाही, आवाज बाहेर जाईल.’’ आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, ‘‘एडन किती लांब आहे?’’

मी नकार का दिला नाही? का नाही म्हटलं की तुमच्या भावाचं प्रेत अजून कालचं आहे आणि तुम्ही मैल काय विचारताय? मला नीट आठवतं, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पट्टी सरळ धरायची काळजी घेत होते. पाणी नकाशावर पडू नये म्हणून मी मान बाजूला केली होती. उत्तर चुकता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शाळेत तपासणीला साहेब आले की मी अशीच वागत असे.

‘‘एकोणीसशे मैल,’’ मी म्हटलं.

भटजींनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, ‘‘देवक बसलेलं असतं तर बाधा नव्हती. ते बसलेलं नाही. म्हणजे सुतक आलं, दहा दिवसांचं, आणि सुतकात कार्य नाही. पण...’’ इथे ते थांबले. हा ‘पण’ येणार हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर त्यांना आत घेतलं होतं. ‘‘पण देशांतर असेल तर वेगळं. साठ योजनांपलीकडे, मधे समुद्र, भाषा निराळी. तिथे गेलेल्याचं सचैल स्नानाने भागतं, असं वचन आहे.’’

‘‘योजन म्हणजे किती?’’ थोरल्या काकांनी विचारलं.

‘‘आठ मैल धरतात.’’

‘‘भाग दे,’’ काका मला म्हणाले.

मी भाग दिला. पोत्यावर कागद ठेवून, पेन्सिलीने. दोनशे सदतीस आले आणि वर थोडे उरले. तेही मी सांगितलं.

‘‘भरपूर झालं,’’ भटजी म्हणाले. पंगतीत वाढप्याला म्हणतात त्या सुरात म्हणाले. शास्त्रात नेमकं काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. पुढे एका दुसऱ्या भटजींनी मला सांगितलं की ते इतकं सरळ नाही, दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस धरावेच लागतात. पण त्या दुपारी आमच्या कोठीत शास्त्र हवं होतं कुणाला? हवी होती पळवाट, आणि ती मी मोजून दिली.

बाबा त्या बैठकीत एकदाच बोलले. आयुष्यात थोरल्या भावापुढे ते बोललेलं मी तेव्हाच ऐकलं. म्हणाले, ‘‘दादा, पण तूच सांगत होतास ना, रात्री जेवून निघालेला माणूस दुसऱ्या दुपारी इथे. बारा तासांवर असलेलं गाव देशांतर कसं?’’

भटजी म्हणाले, ‘‘ग्रंथात विमान धरलेलं नाही.’’

आणि थोरले काका म्हणाले, ‘‘विमान विमानाच्या जागी.’’ महिनाभर सगळ्या डोंबिवलीला विमानात बसवणारा माणूस हे बोलला आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाबांनी मान डोलवली.

मग भटजी उठता उठता म्हणाले, ‘‘पत्नीला मात्र अंतराची सवलत नाही. ती ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून तिला दहा दिवस.’’

‘‘ऐकेल त्या दिवसापासून,’’ थोरले काका म्हणाले. कायद्याच्या जाड पुस्तकात हवं ते कलम सापडल्यावर कचेरीतला माणूस ज्या समाधानाने बोट ठेवतो, तसे म्हणाले. कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाला शपथ घातली नाही. सगळ्यांना एकदम समजलं. मलाही.

त्यांच्या बाजूचंही सांगते, नाहीतर मी फार सोवळी ठरेन. माझी चुलत बहीण पंचवीस वर्षांची झाली होती. दोन स्थळं आधी मोडली होती. हा मुहूर्त गेला की ज्येष्ठात दोघांना जुळणारा मुहूर्त नव्हता, पुढे चातुर्मास, मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर मुलाकडचे थांबले असते याची खात्री नव्हती. हे सगळं खरं. पण त्या खोलीत पाऊण तास बोलणं चाललं आणि धाकट्या काकांना ताप किती दिवस होता, जवळ कोण होतं, हे एकानेही विचारलं नाही.

तारेत अजून एक गोष्ट होती. अंत्यसंस्कार तिथल्या हिंदू मंडळींनी उरकले होते. कंपनीतला एक सहकारी रजेवर गुरुवारच्या विमानाने निघणार होता. तो अस्थी घेऊन शुक्रवारी दुपारी सांताक्रूझला उतरेल. तसं नको असेल तर शनिवारी सुटणाऱ्या आगबोटीने पाठवू. काय ते ताबडतोब कळवा.

‘‘आगबोट किती दिवसांनी लागते?’’ थोरल्या काकांनी मला विचारलं.

‘‘पाच. म्हणजे पुढच्या गुरुवारी.’’

‘‘उत्तम,’’ ते म्हणाले.

शुक्रवारी भाऊ असा घरी आला असता तर ऐन मांडवात आकांत होऊन लग्न बुडालं असतं. गुरुवारी आला तर सगळं आटोपलेलं असेल. म्हणून उत्तम. तारेचं उत्तर मी लिहिलं, कारण माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं आणि काका त्या वेळी पत्रिकांच्या पाकिटांवर कुंकवाचे ठिपके देत होते. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. विमानाने नको, आगबोटीने पाठवा. बाबा कागद घेऊन पोस्टात गेले.

त्यानंतर सगळ्यांनी अंघोळी केल्या. भर दुपारी, अंगावरच्या कपड्यांनिशी, एकामागून एक, विहिरीवर. देशांतराचं सुतक असं दोन-दोन बादल्यांत धुऊन निघत होतं. तेवढ्यात काकू शेजारून आली, हातांना तांदळाचा कोंडा लागलेला. तिने तारवाल्याला येताना पाहिलं होतं. ओलेत्याने ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून ती हसली.

‘‘अगंबाई, आज सगळ्यांनी दुपारी अंघोळी काढल्यात?’’

‘‘उकाडा किती आहे,’’ थोरल्या काकू म्हणाल्या.

‘‘आणि तार कुणाची आली? ह्यांची का?’’

थोरले काका पंचा पिळत होते. पिळता पिळताच म्हणाले, ‘‘त्याचीच. विमानाचं तिकीट मिळालं नाही. शनिवारी आगबोटीने निघतोय. लग्न चुकणार त्याचं.’’

मला ओकारी आली. अलंकार म्हणून सांगत नाही, खरोखर विहिरीमागे जाऊन मी ओकले. आत येऊन पाहते तो काकू देवापुढे साखर ठेवत होती. तिचा चेहरा जरा उतरला होता, पण मला बघून ती म्हणाली, ‘‘बारा तासांचे पाच दिवस झाले गं. असू दे. निघतायत ना? चार वर्षं काढली, पाच दिवस काय.’’

त्या आठवड्यात आमच्या घरात जे चाललं होतं ते मी नंतर कुठल्याही घरात पाहिलं नाही. मांडवाचे बांबू कोपरच्या एका शेतकऱ्याने गाडीतून आणून टाकले. आंब्याचे टाळे आले, रुखवताची भांडी मांडली गेली, बायका गाणी म्हणू लागल्या. थोरल्या काकू सगळ्यांत मोठ्याने म्हणत होत्या. गुरुवारी देवक बसलं आणि थोरल्या काकांनी सुटकेचा असा श्वास सोडला की तो मला दुसऱ्या खोलीत ऐकू आला. आता कुणी येऊन ओरडून सांगितलं असतं तरी सुतक लागणार नव्हतं. तरी काकूला सांगायचं नावच नाही. लग्नघरात रडारड कशाला, असं आता कारण झालं.

शनिवारी हळद होती. पाच सवाष्णींनी नवरीला हळद लावायची, आणि घरची सवाष्ण म्हणून काकू सकाळपासून तयार होती. एडनहून आलेली अबोली रंगाची साडी, हातभर हिरव्या बांगड्या. तिने वाटीत हात घातला तशा थोरल्या काकू पुढे आल्या आणि तिचं मनगट धरलं.

‘‘तू नको गं. जिचा नवरा समुद्रापलीकडे असतो तिने हळद लावायची नसते.’’

‘‘असं कुठे असतं?’’ काकू म्हणाली. ‘‘मी तर कधी ऐकलं नाही.’’

‘‘आमच्याकडे असतं.’’

ही चाल त्यांनी तिथल्या तिथे बनवली. सगळ्या बायकांदेखत काकूचा हात वाटीतून बाहेर काढला आणि तिच्या जागी शेजारची बाई बसवली. काकूच्या बोटांना हळद लागली होती. मग कुणाला दिसू नये अशी ती पदराला पुसून स्वयंपाकघरात गेली. माझ्याजवळून जाताना पुटपुटली, ‘‘माझं काही चुकलं का गं? सकाळपासून सगळ्या माझ्याशी तुटक वागतायत.’’

मी म्हटलं, ‘‘नाही गं, घाई आहे सगळ्यांना.’’

आणि खरी किळस तर पुढे आहे. हळदीला तिचा हात चालत नव्हता, पण पुरणाला चालला. लग्नाचा निम्मा स्वयंपाक तिने ओढला. शास्त्राने ती दहा दिवस बाजूला बसायला हवी होती, तिच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही. हे ज्यांना माहीत होतं ते सगळे तिच्या हातचं हादडत होते. भटजींनी तिच्याकडून दोनदा मागून घेतलं आणि वर म्हणाले, ‘‘सूनबाईंच्या हाताला चव आहे.’’ त्यांच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं. मी त्या दिवसापासून पुरणपोळी खात नाही. लोकांना वाटतं मला डाळ सोसत नाही.

लग्न लागलं. माझी चुलत बहीण, जिला यातलं काहीही माहीत नव्हतं, रडत रडत ठाण्याला गेली. जाताना काकूच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, ‘‘काका आले की दोघं जोडीने या.’’ थोरले काका तिथेच होते. ते दुसरीकडे बघत उभे राहिले.

आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी काकू माझ्याकडे यायची. आगबोट शनिवारी सकाळी सुटली असणार, तेव्हा शनिवारी संध्याकाळी, हात हळदीतून काढला त्याच दिवशी, ती नकाशा घेऊन आली.

‘‘मास्तरीणबाई, दाखव बघू. आता कुठे असतील?’’

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्याऐवजी मी पट्टी घेतली. एकोणीसशे भागिले पाच, रोजचे तीनशे ऐंशी मैल. पहिल्या संध्याकाळी निम्म्या दिवसाचे धरले, आणि एडनपासून थोडं पुढे निळ्या रंगावर पेन्सिलीने एक ठिपका काढला. काकूने तो वाकून पाहिला. ‘‘एवढंच?’’ म्हणाली आणि हसली.

रविवारी लग्नाच्या गडबडीतही ती आली, दुसरा ठिपका. सोमवारी पाहुणे जात होते, ओटीवर वळकट्या पडल्या होत्या, त्यातून वाट काढत आली, तिसरा. ती विचारायची, समुद्राला लाटा असतील का, ह्यांना आगबोट लागते, जेवण जात नाही. मी सांगायचे, पावसाळ्याला अवकाश आहे, समुद्र शांत असतो. मी हे भूगोलाच्या पुस्तकातलं सांगत होते आणि ते बरोबर होतं. एकही आकडा मी खोटा सांगितला नाही. अस्थींची पेटी खरोखरच त्या आगबोटीत होती आणि साधारण त्याच ठिपक्यांवरून येत होती. रात्री अंथरुणावर मी स्वतःला हेच समजावत असे, की मी खोटं बोलले नाही. माणसाला स्वतःची किळस येऊ नये म्हणून किती काटेकोर हिशेब मांडता येतो, ते मी त्या दिवसांत शिकले.

मंगळवारी मी आईला म्हटलं, ‘‘आता तरी सांगा तिला. घरात पाहुणा उरला नाही.’’ आईने थोरल्या काकूंकडे पाहिलं. थोरल्या काकू म्हणाल्या, बुधवारी सत्यनारायण आहे. थोरले काका म्हणाले, ‘‘पूजा होऊन जाऊ दे. गुरुवारी पहाटे मी धक्क्यावर जाऊन घेऊन येतो, मग आल्यावर सांगू. एवढे दिवस थांबलोच आहोत.’’ जणू काही थांबण्याचा त्रास त्यांनाच झाला होता. मंगळवारचा ठिपका मी जरा घाईतच काढला, काकूकडे न बघता.

बुधवारी पूजा झाली. काकूने प्रसादाचा शिरा केला. नवऱ्याच्या मरणाच्या दहाव्या दिवशी ती... तिथी मोजायलाही लाज वाटावी अशी अवस्था होती. तिथी फक्त आम्हाला माहीत होत्या. संध्याकाळी ती न्हाऊन, केस विंचरून, मोगऱ्याचा गजरा माळून माझ्यापुढे येऊन बसली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

‘‘शेवटचा ठिपका,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ऐक, उद्या मोठ्या भाऊजींबरोबर मीही जाणार धक्क्यावर. ते नको म्हणतायत. तू सांग ना त्यांना. चार वर्षांनी येणारा माणूस उतरताना आपलं माणूस नको का दिसायला?’’

मी पट्टी लावली. पेन्सिल मुंबईच्या अगदी जवळ टेकवली. ठिपका उमटला, पण मला पेन्सिल उचलता येईना. मी ती दाबत राहिले आणि नकाशाला भोक पडलं.

‘‘काय झालं गं?’’

तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं ते धड आठवत नाही. मागच्या सोमवारी, ताप, तार, कोठीची खोली, सगळं उलटसुलट. आगबोटीत काय आहे तेही सांगितलं. ती ओरडली नाही. तिने गजऱ्याला हात लावला, पण काढला नाही. मग विचारलं, ‘‘कोणाकोणाला माहीत होतं?’’

‘‘सगळ्यांना. भटजींनासुद्धा.’’

‘‘विमानाने आणणार होते ना? कोणी नको म्हणून कळवलं?’’

‘‘थोरल्या काकांनी.’’ मग मला राहवेना. ‘‘तार मी लिहिली.’’

मी रडत होते. बोलत होते. हे लोक माणसं नाहीत, मला या घराची घृणा येते, मी इथे एक दिवस राहणार नाही, थोरले काका कसे, थोरल्या काकू कशा, भटजी कसे, सगळं मी भडाभडा ओकत होते. माझी अपेक्षा होती की ती माझ्या गळ्यात पडेल. आम्ही दोघी मिळून त्यांचा तिरस्कार करू, असं मला वाटत होतं.

काकूने माझं बोलणं संपू दिलं. मग नकाशावरून हात फिरवला, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत.

‘‘मोठे भाऊजी माझ्याशी एकदाच खोटं बोलले,’’ ती म्हणाली. ‘‘तू पाच दिवस रोज बोललीस. पट्टी लावून.’’

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर गेली. बाबा बरोबर गेले. मी चप्पल घालत होते, तर ती दारातून न वळता म्हणाली, ‘‘तू नको.’’ दुपारी पेटी घेऊन दोघं आली आणि ती मागच्या खोलीत बसली. थोरल्या काकूंनी ठेवलेलं ताट तिने घेतलं. थोरले काका उंबऱ्यात उभे राहून नाइलाज होता वगैरे बोलले, ते तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. मी रोज सकाळी तिच्यासाठी चहा नेत असे. तो दहाही दिवस तसाच, वर साय धरून, परत आला.